टंग रेल घासताना

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडचे स्टेशन मॉडेलमध्ये उभारायला घेतलेला माणूस इमारतीवर अडत नाही, सांध्यावर अडतो. मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ ७६२ मिलिमीटर गेजची. १:८७ प्रमाणात हे अंतर पावणेनऊ मिलिमीटर भरते, म्हणून ९ मिलिमीटरचा ट्रॅक चालतो. पण त्या मापाचे तयार सांधे एकतर एन स्केलचे, नाहीतर युरोपातल्या छोट्या गाड्यांचे. स्लीपर आणि वळणे तिकडची. वऱ्हाडातल्या कापसाच्या गाडीखाली ती शोभत नाहीत.

रुळाच्या उंचीचीही तीच गत. कोड १०० चा रूळ या प्रमाणात २२१ मिलिमीटरचा होतो. आपल्या मेन लाइनवरचा ६० किलोचा रूळसुद्धा १७२ मिलिमीटरचाच आहे. शकुंतलेच्या हलक्या रुळांसाठी कोड ४० घ्या. कोड ५५ जेमतेम चालेल.

खरी परीक्षा टंग रेलची. बरेच जण फक्त स्टॉक रेलला टेकणारी बाजू तिरकी घासत नेतात. त्यात डोक्याबरोबर रुळाचे पोटही कापले जाते आणि टोकाशी निराधार पत्रा उरतो. दोन-चार गाड्या गेल्या की तो वाकतो, मग दोष चाकांना. त्याऐवजी घासण्याआधीच टोकाचा भाग चाक धावते त्या बाजूला किंचित वळवावा. बाहेर आलेले डोके कानशीने पुन्हा रेषेत आणावे आणि मगच मागची बाजू घ्यावी. पोट अगदी टोकापर्यंत टिकते. स्टॉक रेलच्या तळावर चढणारा टंग रेलचा तळही त्या बाजूने काढावा लागतो, नाहीतर दोन्ही डोकी भिडतच नाहीत. कानस नेहमी जाड भागाकडून टोकाकडे. उलट ओढली की टोक दुमडलेच.

क्रॉसिंगचे नाक त्यामानाने सोपे. १ इन ८.५ चा कोन ६ अंश ४२ मिनिटांचा. दोन्ही रूळ निम्म्या-निम्म्या कोनात घासून जोडण्याची पद्धत सोयीची आहे, तरी आम्हाला पॉइंट रेल पूर्ण कोनात घासून तिच्या कुशीत स्प्लाइस रेल बसवणे पसंत आहे. प्रत्यक्षातली जोडणीही अशीच असायची, आणि टोक एकाच रुळाचे राहिल्याने डाख सुटला तरी फाकत नाही. नाक जरा बोथट ठेवा. सुईसारखे टोक फोटोत छान दिसते आणि चाकाखाली चुरगळते.

बाजारातले जिग वापरण्याला आमचा विरोध नाही. एकाच मापाचे दहा सांधे करायचे असतील तर जरूर घ्या. मात्र जिगचा कोन परदेशी आकड्यांचा असतो, हे विकत घेण्यापूर्वी तपासा.

शकुंतलेच्या सांध्यांची आपल्याकडे कुणी पूर्वी मोजमापे घेतली असतील, टंग रेलची लांबी, स्लीपरमधले अंतर, क्रॉसिंगचा कोन, तर ती संपादकांकडे पाठवावीत. कारंजाबरोबर दारव्हा आणि मूर्तिजापूरचीही चालतील. पट्टी शेजारी ठेवून काढलेला जुना फोटोही उपयोगी पडेल.