आधी विचारा, मग रेघ ओढा

१३ एप्रिल १९८७ रोजी सरकारने मालवणच्या समुद्रावर रेघ ओढली. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक धरून २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. मच्छीमारांचा विरोध तेव्हापासूनचा आहे. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाला पुरेसं संरक्षण द्यावं, ही अट वन्यजीव कायद्यात आली १९९१च्या दुरुस्तीने. रेघ आधी, अट चार वर्षांनी. मला चीड या क्रमाची येते, कारण पुढे पैसा आला तोही याच क्रमाने.

जागतिक पर्यावरण निधीचे सुमारे ३४ लाख डॉलर घेऊन संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम (यूएनडीपी), केंद्र सरकार आणि राज्याचं वन खातं सिंधुदुर्गात उतरलं. २०१७पर्यंत ते काम चाललं. ट्रॉलरच्या जाळ्याच्या खोळीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस (छिद्रं), खेकडापालन, वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बायकांच्या बचतगटाची कांदळवन सफर, हे सगळं झालं आणि त्यातलं जे चांगलं ते चांगलंच. पण यूएनडीपीची सविस्तर सामाजिक आणि पर्यावरणीय मानकं लागू झाली १ जानेवारी २०१५ला. तोवर प्रकल्प सुरू होऊन काही वर्षं उलटली होती.

या मानकांत एक गोष्ट फार मोलाची आहे. माणसाचं घर जागच्या जागी राहिलं, पण ज्या पाण्यावर तो जगतो ते त्याला बंद झालं, तर तेही विस्थापनच मानायचं आणि निर्बंध घालण्याआधी त्याच्या पोटाची सोय लावायची. किनाऱ्यावर हे वाक्य किती जणांनी ऐकलंय? किनाऱ्यावरच्या अशा प्रकल्पाच्या एका बैठकीत मी बसलो होतो. जाडजूड इंग्रजी अहवाल टेबलावर होता आणि हजेरीचा कागद फिरत होता. एका म्हाताऱ्या रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, पेन बाजूला ठेवलं. "ह्येच्यात काय लिवलला आसा ता आधी सांगा, मगे सही मागा," तो म्हणाला. कुणीही सांगितलं नाही. हजेरीच्या सह्या मात्र पुढे 'लोकांशी सल्लामसलत झाली' याचा पुरावा म्हणून लागल्या. ही लबाडी आहे, आणि ती निसर्गाच्या नावाने केली म्हणून कमी होत नाही.

आणि बाधित कोण, हे ठरवतं कोण? यादी होडीच्या नोंदणीवरून होते, परवान्यावरून होते. रापण ओढायला पंचवीस-तीस माणसं लागतात. होडी आणि जाळं असतं मोजक्यांचं, बाकीचे वाट्यावर जगतात. ओहोटीला कोयती घेऊन खडकावरची कालवं फोडणारी, खाडीत तिसऱ्या वेचणारी बाई तर कुठल्याच वहीत नाही. खडक बंद झाला की तिची चूल थंड होते आणि कागदावर कुणाचंच काही बिघडलेलं नसतं. नुकसानभरपाई ठरवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने एकदा त्या ओहोटीला तिथे उभं राहावं, असं मी आग्रहाने म्हणतो.

जमत नाही असं मात्र मुळीच नाही. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी अडकली, मच्छीमाराने जाळं कापून ती सोडली आणि फोटो दिला, तर जाळ्याचे २५,००० रुपयांपर्यंत द्यायचे, ही योजना महाराष्ट्राने डिसेंबर २०१८मध्ये आणली. तिच्यात मच्छीमाराचं नुकसान आधी मोजलं, उपदेश केला नाही. लोक जाळी कापू लागले. हीच खरी संरक्षक अट.

उलट बाजूही बघा. पर्ससीन या मोठ्या घेराच्या जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने निर्बंध आले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली. तरी रात्री समुद्रात दिवे पेटतातच. पर्यायी रोजगार म्हणून पर्यटन वाढवलं, तर प्रवाळावर नांगर पडू लागले आणि पाय पडू लागले. निर्बंध मात्र ज्याची होडी लहान त्याच्याच दारी येतात. संवर्धनाचा पैसा मोठ्या जाळ्यांना हात लावत नसेल, तर तो समुद्र वाचवत नाही, गरिबाला समुद्रातून काढतो.

आता रक्कम वाढली आहे. हरित हवामान निधीचे ४.३४ कोटी डॉलर आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी २०१८मध्ये मंजूर झाले, त्यात सिंधुदुर्ग आहे. २०३०पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र संरक्षित करण्याचं जगाने २०२२मध्ये माँट्रियलला ठरवलं. नव्या रेघा येणार. तेव्हा पहिला हप्ता सुटण्याआधी मराठीत अटी वाचून दाखवा, बाजारात मासे विकणारीला आणि कालवं फोडणारीला बैठकीत बोलवा, तक्रार कुणाकडे करायची त्याचा पत्ता मराठीत लिहून मासळीच्या लिलावाच्या जागी लावा. आणि त्या म्हाताऱ्या रापणकाराने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला देणं आजही बाकी आहे.