विश्लेषण : विंडोज १० बदलताना दहा वर्षांचा डेटा कसा वाचवायचा?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. नवी प्रणाली टाकणे हे अर्ध्या दिवसाचे काम. पण त्या अर्ध्या दिवसात वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब आणि जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर हातचा जाऊ शकतो.

मुदत संपली म्हणजे काय झाले?

त्या दिवशी विंडोज १० वरचा एकही संगणक बंद पडला नाही. बंद झाली ती सुरक्षा अपडेट. जुलै २०१५ मध्ये आलेल्या या प्रणालीत नव्या त्रुटी सापडत राहणार, पण त्या बुजवणारी दरमहाची मोफत अपडेट आता येणार नाहीत. त्याने काय बिघडते, हे मे २०१७ मध्ये दिसले. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. ती त्रुटी बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते सापडले.

वाढीव वर्षासाठी तीन मार्ग ठेवले गेले : ३० डॉलर किंवा तेवढे स्थानिक चलन भरा, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १,००० गुण द्या, किंवा आपली सेटिंग्ज कंपनीच्या वनड्राइव्हवर साठवू द्या. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना मात्र, तिथल्या ग्राहक संघटनांनी जोर लावल्यावर, सेटिंग्ज साठवण्याच्या अटीशिवाय हे वर्ष मोफत मिळाले. आपल्याकडे असा जोर कोणी लावला नाही, हेही नोंदवायला हवे.

धड चाललेला संगणक ‘अपात्र’ कसा?

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. अडते ते ‘टीपीएम २.०’ या सुरक्षा चिपवर आणि प्रोसेसरच्या पिढीवर. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर यादीत नाहीत. म्हणजे २०१६-१७ मध्ये चांगले पैसे मोजून घेतलेला, आजही टॅली आणि वर्ड बिनतक्रार चालवणारा संगणक कंपनीच्या लेखी बाद. सुमारे २४ कोटी संगणक यामुळे भंगारात निघू शकतील, असा अंदाज कॅनालिस या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये मांडला होता. अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे दुकानदार आहेत. पण अशा संगणकांना पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कारणासाठी बदल करायचा, तेच तिथे अनिश्चित राहते.

‘वैयक्तिक फाइल ठेवा’ म्हटले की काय राहते?

पात्र संगणकावर विंडोज १० वरून थेट ११ वर जाता येते. मध्येच प्रणाली विचारते : फाइल आणि अ‍ॅप दोन्ही ठेवू, फक्त वैयक्तिक फाइल ठेवू, की काहीच नको? पहिला पर्याय निवडला तर बहुतेक वेळा सारे जागच्या जागी राहते. न जमल्यास परत विंडोज १० वर येण्यासाठी १० दिवस मिळतात. त्यानंतर जुन्या प्रणालीचा ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर आपोआप पुसला जातो. सगळे नीट आहे का, हे महिन्याभराने तपासायला बसणाऱ्यांसाठी ते दार बंद झालेले असते.

गोंधळ दुसऱ्या पर्यायापासून सुरू होतो. ‘वैयक्तिक’ म्हणजे प्रणालीच्या हिशेबी मुख्यतः वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरातले : डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. माणसाचा संसार एवढ्यात मावत नाही. टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्सबाहेर, कंपनीच्या क्रमांकाच्या फोल्डरात असतो. आउटलुकच्या ईमेलची फाइल कधी डॉक्युमेंट्समध्ये असते, तर कधी ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्डही त्याच लपलेल्या कोपऱ्यात. कॉपी करणाऱ्याला ते दिसत नाहीत, म्हणून ते राहून जातात.

खुद्द मायक्रोसॉफ्टलाही हा पत्ता चुकला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे १८०९ हे मोठे अपडेट आले आणि काही लोकांच्या फाइल गायब झाल्या. त्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते, पण जुन्या जागी काही फाइल उरल्या होत्या. जुना फोल्डर रिकामा आणि निरुपयोगी समजून अपडेटने तो काढून टाकला. कंपनीला ते अपडेट काही दिवसांत थांबवावे लागले. दुरुस्ती होऊन ते नोव्हेंबरमध्ये परत आले.

‘डी’ ड्राइव्हमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित?

‘सी ला फॉरमॅट मारतो, डी ला हात लावत नाही,’ हे आश्वासन आपल्याकडे दोन दशके चालत आले आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. सी आणि डी या बहुधा एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. नवी प्रणाली टाकताना घाईत सगळी पार्टिशन उडवली गेली तरी दोन्ही जातात. शिवाय डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल ‘सी’मध्येच असते, हे अनेकांच्या ध्यानात नसते. पूर्वी पुसलेली हार्ड डिस्क घेऊन डेटा रिकव्हरीवाल्याकडे धाव घेता यायची आणि पुष्कळदा काहीतरी हाती लागायचे. आताच्या एसएसडी पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकतात. तिथे ती आशा जवळपास उरत नाही.

जुन्या मराठी फाइलींचे काय?

इथे मराठी वापरकर्त्याची अडचण इंग्रजीवाल्यापेक्षा वेगळी आणि मोठी आहे. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून आली; पण पुढे कितीतरी वर्षे छापखाने, वकिलांची कार्यालये, शाळा, ग्रंथालये आणि दिवाळी अंकांची संपादकीय कार्यालये श्रीलिपी, आकृती, कृतीदेव किंवा सी-डॅकच्या ‘डीव्ही-टीटी सुरेख’सारख्या फॉन्टवरच चालली. काही ठिकाणी अजूनही चालतात. या फॉन्टची युक्ती सोपी होती. संगणक साठवतो ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते. फॉन्ट गेला की त्याच फाइलीत रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविरामांची खिचडी उरते.

आता कोरी प्रणाली टाकताना काय घडते ते पाहा. माणूस डॉक्युमेंट्स फोल्डर इमानेइतबारे पेनड्राइव्हवर घेतो. फॉन्ट असतात विंडोजच्या स्वतःच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात. ते कोणी घेत नाही. सी ड्राइव्ह पुसला जातो. फाइल सगळ्या शाबूत, उघडतातही, पण वाचता येत नाहीत. संस्थेची तीस वर्षांची इतिवृत्ते किंवा वडिलांनी टाइप करून ठेवलेले आत्मचरित्र अशा अवस्थेत सापडले, तर फाइल खराब झाली असे समजून ती काढून टाकण्याची चूक करू नये. अक्षरे गेलेली नसतात, त्यांची किल्ली हरवलेली असते. तोच फॉन्ट मिळाला की मजकूर परत येतो. मात्र त्याच नावाच्या फॉन्टची आवृत्ती वेगळी असेल तर काही जोडाक्षरे चुकतात.

म्हणून जुना संगणक चालू असतानाच तीन कामे करावीत. फॉन्टच्या टीटीएफ फाइल वेगळ्या काढून ठेवाव्यात. महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ करावी. विंडोज १० मध्ये ‘प्रिंट टू पीडीएफ’ची सोय मुळातच आहे, पीडीएफमध्ये सहसा फॉन्टही सामावला जातो, त्यामुळे मजकूर कुठेही तसाच दिसतो. तिसरे काम वेळखाऊ : कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणणे. त्यात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास इकडेतिकडे होतात, तेव्हा मुद्रितशोधन करावेच लागते. पण शोधता, सुधारता येणारा मजकूर एवढ्या कष्टानंतरच मिळतो.

क्लाउडवर टाकले की काम झाले?

वनड्राइव्हवर मोफत जागा ५ जीबी आहे. लग्नाचा एक व्हिडीओ तेवढी खातो. शिवाय वनड्राइव्ह हे प्रामुख्याने दोन्हीकडची फाइल सारखी ठेवण्याचे साधन आहे. संगणकावर पुसले की तिकडेही पुसले जाते. घरगुती खात्यात ती फाइल रिसायकल बिनमधून परत आणायला ३० दिवस मिळतात. बाहेरच्या हार्ड डिस्कवरची, काढून कपाटात ठेवलेली प्रत अशी परस्पर बदलत नाही. दोन्ही असाव्यात, एकच ठेवायची तर कपाटातली.

लिनक्स हा पर्याय होऊ शकतो का?

अपात्र संगणकासाठी होऊ शकतो. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून, डिस्कला धक्का न लावता चालवून पाहता येते. ती विंडोजच्या डिस्कवरच्या फाइल वाचते आणि युनिकोड मराठी उत्तम दाखवते. पण जुनी मराठी टायपिंग सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेली आहेत, आणि काहींना हार्डवेअर लॉकही लागते. ज्यांचे रोजचे काम त्यांवर आहे, त्यांना लिनक्स सोयीचे नाही. पत्रव्यवहार, बँक, यूट्यूब एवढाच वापर असेल तर नवा संगणक घेण्याआधी हा प्रयोग जरूर करावा.

दुकानात संगणक देण्यापूर्वी काय पाहावे?

प्रत घेतली एवढ्यावर थांबू नये. त्यातल्या पाच-दहा फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. मराठी फाइल तर नक्कीच, कारण फॉन्टची उणीव तिथेच उघडी पडते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. पण ते खाते ज्या मुलाने किंवा भाच्याने उघडून दिले, त्याचा पासवर्ड आता कोणाकडे आहे हे आधी विचारून ठेवावे. शक्य असेल तर जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि नवी प्रणाली नव्या एसएसडीवर टाकावी. जुना संगणक जलद होतो आणि काही राहून गेलेच तर जुनी डिस्क हाताशी असते. ती विकायची किंवा टाकायची वेळ येईल तेव्हा नुसते ‘क्विक फॉरमॅट’ पुरत नाही. हार्ड डिस्कवरचा मजकूर त्यानंतरही वाचता येतो.