विश्लेषण : एका फोनची स्क्रीन पिवळी, दुसऱ्याची निळी… दोष नेमका कुणात?

नवा फोन बाजारात आला की काही दिवसांत समाजमाध्यमांवर एक ठरलेला फोटो फिरू लागतो. दोन फोन शेजारी शेजारी, दोन्हींवर तेच पांढरे पान; एक पिवळसर, एक निळसर. सोबत प्रश्न : ‘माझ्या फोनला यलो टिंट आहे, बदलून घेऊ का?’ उत्तरांत काही जण ‘लगेच परत कर’ म्हणतात, बाकीचे ‘सवय होईल’ म्हणून समजूत काढतात. ऑनलाइन घेतलेला फोन बदलून मिळण्याची मुदत अनेकदा जेमतेम आठवड्याची असते, त्यामुळे निर्णय घाईतच होतो. पण ज्या फोटोवरून तो घेतला जातो, तो या कामी फारसा उपयोगाचा नसतो.

पांढरा म्हणजे कोणता पांढरा?

स्क्रीनवरचा पांढरा रंग लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून तयार होतो. कोणता किती मिसळायचा, हे कंपनी ठरवते. त्यासाठी सर्वमान्य मानक आहे ‘डी६५’, म्हणजे साधारण ६५०० केल्व्हिनचा पांढरा. वेब आणि फोटोंसाठी वापरली जाणारी ‘एसआरजीबी’ पद्धत यावरच आधारलेली आहे. घरातल्या ट्यूबलाइटच्या खोक्यावर ‘कूल डेलाइट ६५००के’ लिहिलेले असते, तो हाच आकडा. आकडा कमी झाला की पांढरा पिवळसर होतो, वाढला की निळसर.

अनेक फोनच्या ‘व्हिविड’ मोडमध्ये पांढरा मुद्दाम निळसर ठेवलेला असतो, कारण दुकानाच्या काउंटरवर तो जास्त झळाळतो. ‘नॅचरल’ मोड मानकाच्या जवळ असतो आणि म्हणूनच शेजारी ठेवला की पिवळा, मळका वाटतो. म्हणजे त्या व्हायरल फोटोत ज्याला सगळे नावे ठेवतात, तोच फोन कित्येकदा जास्त अचूक असतो! त्यात नाइट लाइट, आय कम्फर्ट, आयफोनमधले ट्रू टोन यांपैकी एखादे चालू राहिले असेल, तर तुलनेला अर्थच उरत नाही. निळा प्रकाश अडवणारी टेम्पर्ड ग्लास लावली असेल तरीही तेच.

२०१७ साली काय घडले?

टिंटचा वाद समजून घ्यायला हे एक वर्ष पुरेसे आहे. एप्रिलमध्ये दक्षिण कोरियात गॅलेक्सी एस८ची स्क्रीन लालसर दिसते अशा तक्रारी आल्या. सॅमसंगने सॉफ्टवेअर अपडेट देऊन रंग जुळवण्याची सोय वाढवली. ऑक्टोबरमध्ये गुगलच्या पिक्सेल २ एक्सएलबद्दल दोन तक्रारी झाल्या : रंग फिके आहेत आणि फोन जरा तिरका केला की स्क्रीन निळी पडते. गुगलने गडद रंगांचा मोड देण्याचे जाहीर केले आणि वॉरंटी दोन वर्षांपर्यंत वाढवली. नोव्हेंबरमध्ये आयफोन एक्स आला, तेव्हा ॲपलने आपल्या मदत-पानावरच लिहून ठेवले की ओएलईडी स्क्रीन तिरकी पाहिली तर रंगात किंचित फरक दिसतो आणि ते सामान्य आहे.

एकाने सेटिंग दिले, दुसऱ्याने वॉरंटी, तिसऱ्याने ‘असे असतेच’ असे सांगितले. तिघांची उत्तरे वेगळी, कारण ‘टिंट’ या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. गडद-फिके रंग आणि पांढऱ्याचा कल सॉफ्टवेअरने बदलता येतो. तिरके पाहिल्यावर येणारा निळेपणा मात्र पॅनेलच्या रचनेतच असतो. ओएलईडीच्या अतिशय पातळ थरांमध्ये प्रकाश आत परावर्तित होऊन बाहेर येतो. पाहण्याचा कोन बदलला की त्याचा मार्ग बदलतो आणि रंगही. हा फरक कमी-जास्त असू शकतो, पण अपडेटने जात नाही.

डोळ्यावर किती विश्वास ठेवायचा?

आपला डोळा तुलनेत तरबेज आणि एकट्याने न्याय करण्यात कच्चा आहे. पिवळसर स्क्रीन काही मिनिटे पाहत राहिलो की मेंदू तिलाच पांढरी मानू लागतो. शेजारी दुसरी स्क्रीन आली की ती समजूत मोडते आणि बारीकसा फरकही ठसठशीत दिसतो. फरक आहे, एवढे डोळा खात्रीने सांगतो. चूक कोणाची, हे त्याला सांगता येत नाही.

मोजमापाचे यंत्र आणले तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. रंग मोजण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत १९३१ सालची आहे आणि ती लंडनमधल्या प्रयोगांत सहभागी झालेल्या अवघ्या १७ जणांच्या डोळ्यांवर उभी आहे. आजच्या ओएलईडीचा प्रकाश जुन्या स्क्रीनपेक्षा अरुंद पट्ट्यांत येतो. त्यामुळे यंत्रावर अगदी सारखे आकडे दाखवणाऱ्या दोन स्क्रीन प्रत्यक्षात वेगळ्या दिसू शकतात आणि तुम्हाला एक, तुमच्या भावाला दुसरेच दिसू शकते. चित्रपट-टीव्हीच्या स्टुडिओंत सोनीचे ओएलईडी मॉनिटर आले, तेव्हा हाच पेच पडला होता. तिथे आकडे मुद्दाम थोडे सरकवून डोळ्याला जुळेल असा पांढरा ठरवावा लागला.

फोटोचे तर विचारूच नका. कॅमेरा स्वतःच्या हिशेबाने ‘व्हाइट बॅलन्स’ ठरवतो, एका फोनला पांढरा मानून दुसऱ्याला आणखी रंगीत करतो. आणि तो फोटो पाहणारा ज्या स्क्रीनवर पाहतोय, तिचा टिंट वेगळाच.

मग तपासायचे कसे?

आमच्या मते दुसऱ्याच्या फोनशी तुलना करण्यात वेळ घालवू नये. एकाच मॉडेलमध्येही दोन पुरवठादारांची पॅनेल असू शकतात. तुलना करायची ती फोनची त्याच्या स्वतःशी : वरचा भाग खालच्याशी, जास्त ब्राइटनेस कमीशी.

आधी वर सांगितलेले सगळे मोड आणि ऑटो ब्राइटनेस बंद करा. पांढऱ्याऐवजी पूर्ण स्क्रीनभर एकसारख्या मध्यम राखाडी रंगाचे चित्र उघडा. टिंट पांढऱ्यावर लपतो, राखाडीवर उघडा पडतो. फोन डोळ्यांसमोर सरळ धरा. खोलीत पिवळा बल्ब असेल तर तो बंद करा, कारण त्या उजेडात कोणतीही नीट स्क्रीन निळीच दिसते. पांढरा कागद शेजारी धरून पाहण्याची युक्तीही याच कारणाने फसते. कागद बल्बचाच रंग घेतो. फोन उलटा फिरवून पुन्हा पाहा. डाग जागा बदलून फोनबरोबर फिरला तर तो स्क्रीनचा, नाही तर खोलीतल्या उजेडाचा.

मग अंधारात ब्राइटनेस अगदी खाली आणा. ओएलईडीची खरी परीक्षा इथे असते. प्रत्येक बिंदूला अगदी थोडी वीज द्यायची असते, तिथे जराशी चूकही हिरवट किंवा गुलाबी छटा म्हणून दिसते. जाहिरातीतल्या ‘रंगांची अचूकता’ या आकड्यात ही स्थिती सहसा धरलेली नसते. २०२०च्या वनप्लस ८ प्रोच्या स्क्रीनला डिस्प्लेमेट या तपासणी संस्थेची ‘ए प्लस’ श्रेणी होती आणि त्याच फोनबद्दल कमी ब्राइटनेसला हिरवटपणाच्या तक्रारीही आल्या.

संपूर्ण स्क्रीन एकसारखी उबदार किंवा थंड असेल, तर ती आवडीची आणि सेटिंगची बाब आहे. अनेक फोनमध्ये ‘कलर टेम्परेचर’ किंवा ‘व्हाइट बॅलन्स’ची पट्टी असते, ती सरकवून पाहा. पण अर्धी स्क्रीन गुलाबी आणि अर्धी हिरवट असेल, रोजच्या वापरातल्या ब्राइटनेसलाही छटा दिसत असेल किंवा कालपर्यंत नसलेली छटा आज आली असेल, तर मुदत संपायची वाट पाहू नका. हिरवी उभी रेघ मात्र टिंट नव्हे, तो पॅनेलचा बिघाड आहे. वनप्लसने भारतात २०२४च्या अखेरीस त्यासाठी आजीवन वॉरंटी जाहीर केली.

सर्व्हिस सेंटरला ‘पिवळे दिसते’ एवढे सांगितले तर ‘हे नॉर्मल आहे’ असे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी राखाडी चित्र, किती ब्राइटनेस आणि स्क्रीनचा कोणता भाग, हे लेखी द्या. फोटो काढायचा तर प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स लॉक करून, स्क्रीनची दोन्ही टोके एकाच फोटोत येतील असा काढा. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.