चार अब्जांची एक संख्या आणि आपला 'नमुना ओळखा'

शिक्षक मित्रांनो, 'नमुना ओळखा, पुढची संख्या लिहा' हा प्रश्न आपण पहिलीपासून शिष्यवृत्तीपर्यंत घालतो. दोन-चार संख्या जुळल्या की मूल नियम सांगतं, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. माझं म्हणणं असं की इथेच थांबणं चूक आहे. ४२९४९६७२९७ ही संख्या आठवीच्या वर्गात एकदा तरी फळ्यावर यायला हवी.

२ घ्या. त्याचा वर्ग ४, त्याचा १६, मग २५६, मग ६५५३६. प्रत्येकात १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या! आता ६५५३६ चा वर्ग करून १ मिळवला की आपली दहा अंकी संख्या येते. ती मूळ आहे का? वर्गातली सगळी मुलं 'हो' म्हणतील. १६४० मध्ये फर्मालाही तसंच वाटलं होतं. अशा सगळ्याच संख्या मूळ असतात असा त्याचा अंदाज होता, सिद्धता नव्हती. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो.

हे नुसतं सांगू नका, भागाकार करायला लावा. वहीचं अर्धं पानही लागत नाही. ४२९४ मध्ये ६ वेळा, बाकी ४४८. मग ४४८९ मध्ये ७ वेळा, बाकी फक्त २. पुढे भागाकारात लागोपाठ दोन शून्यं येतात, आणि नेमकी तीच मुलं गाळतात! (भागाकारातल्या शून्याचा सराव घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.) शेवटी ४४८७, बरोबर सात वेळा, बाकी शून्य. उत्तर ६७००४१७.

मुलं विचारतील, ६४१ च का? २, ३, ५, ११ च्या कसोट्या लावून पाहू द्या, एकही लागू पडत नाही. ओळीने जायचं तर ६४१ च्या आधी ११५ मूळ संख्या तपासाव्या लागतील. पण ऑयलरने सिद्ध केलं की या संख्येचा मूळ भाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच मिळतो. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. झालं काम!

अभ्यासक्रम मागे पडतो, ही अडचण खरीच आहे. पण एका तासिकेत मुलाला कळतं की पाच उदाहरणं जुळली म्हणून सहावं जुळेलच असं नाही. ही गोष्ट नमुन्यांचे पन्नास प्रश्न सोडवून कळत नाही. त्यात खात्रीने बोट वर करणाऱ्या हुशार मुलालाच 'सर, पण कशावरून?' असं विचारायची सवय लागत नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

आणि हो, गृहपाठ तयारच आहे: ६७००४१७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ २५८९ च्या आतच येतं. ऑयलरचीच युक्ती वापरली तर वरच्या पहिल्या चार संख्या आधीच बाद झालेल्या. ६४१ पासून पुढे फक्त सात मूळ संख्यांनी भागून पाहायचं.