आधी दार, मग रंगरंगोटी

जुनं पीएचपी दिसलं की आमच्या धंद्यातल्या पोरांचा सल्ला ठरलेला... फेकून द्या, लॅरावेलमध्ये नव्याने लिहा! मला हे अजिबात पटत नाही. (नातेवाईक मंडळी, पळू नका, पुढे हळद आहे. :) )

हल्लीच वसमतच्या एका आडत दुकानाचा हिशेबाचा प्रोग्राम बघितला. प्रत्येक पानाला वेगळी फाइल. लॉगिन तपासायच्या ओळी प्रत्येक फाइलच्या डोक्यावर, आणि दोन-तीन फायलींत त्या टाकायच्याच राहिलेल्या. पत्ता माहीत असेल त्याने कुणाचीही पट्टी उघडावी. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचे वर्षाचे पैसे हो! तिथला वजनाचा आकडा कुणी बदलला तर तो बिचारा दाद कुठे मागणार?

पण त्याच गचाळ कोडमध्ये हमाली, तोलाई, उचल कशी कापायची ते सगळं बिनचूक बसलंय. ते का फेकायचं?

आधी दार एकच करा. आलेली प्रत्येक विनंती सर्व्हरने इंडेक्स.पीएचपीकडे पाठवायची. तिथे पत्त्यांची एक यादी. यादीत नाही ते पान नाही. लॉगिन तिथेच तपासायचं, आणि पट्टी मागणाऱ्याला ती बघायचा हक्क आहे का तेही. बाकीच्या फायली वेबच्या फोल्डरबाहेर काढायच्या, नाहीतर मागची दारं उघडीच! औंढ्याला नागनाथाच्या तळघरातल्या गाभाऱ्यात कसं एकेकाला वाकून उतरावं लागतं, तसं. कोडची मांडणी सुधारते ती या हलवाहलवीतच.

मग क्वेऱ्या. वाक्यात व्हेरिएबल चिकटवणं बंद. पीडीओ पीएचपी ५.१ बरोबर २००५ मध्येच आलं, पासवर्ड_हॅश २०१३ मध्ये. आता सबब चालणार नाही.

आणि फ्रेमवर्क घेतलं की सुटलो, असंही नाही. आपलं मनोगत, मिसळपाव ड्रुपलवर उभं राहिलं. ड्रुपलला दार एकच, मांडणी नेटकी. तरी १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधलं भगदाड जाहीर झालं, आणि तेही एसक्यूएल इंजेक्शन अडवायला लिहिलेल्या थरातच! अ‍ॅरेतल्या किमती नीट तपासल्या जायच्या, पण तिच्या किल्ल्या जशाच्या तशा क्वेरीत जायच्या. दोन आठवड्यांनी ड्रुपलवाल्यांनीच सांगितलं, की घोषणेनंतर ७ तासांत दुरुस्ती केली नसेल तर साइट फुटली असंच धरून चाला.

सात तास! आडत दुकानात हळदीच्या हंगामात सात तासांत मालकाला जेवायला फुरसत मिळत नाही. म्हणून लॅरावेल सुचवणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो. पुढची पाच वर्षं अपडेट कोण करणार, आणि त्याचे पैसे कुणी कबूल केलेत?