पाणथळ जागा कोणाच्या सातबाऱ्यावर?

रायगडच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी शिरते त्या जमिनीला लोक खाजण म्हणतात. साहेबांच्या लेखी मात्र ती पडीक! ज्या चिखलात चिंबोरी, निवटी सापडते, जिताड्याची पिल्ले वाढतात, तो पडीक कसा? गुंठाभर जमीन नसलेल्या कातकऱ्याची, कोळ्याची, भूमिहीनाची चूल याच चिखलावर पेटते. सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही, म्हणून त्याचे नुकसानही कोणी मोजत नाही.

उरणमधील पाणजेचे पाणथळ सुमारे २८९ हेक्टरचे. सिडको म्हणते, हे पाणथळ नव्हेच, हा पाणी साठवण्याचा तलाव आहे. नाव काहीही द्या, काम एकच. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की जादा पाणी पोटात घ्यायचे. तिथे भराव टाकला की तेच पाणी वस्तीत शिरते, आणि गावातली सखल जागा कोणाच्या वाट्याला आलेली असते, हे वाचकांना सांगायला नको. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी तर भातशेती आणि मिठागरे पाणथळाच्या व्याख्येतूनच वगळली. रायगडच्या किनाऱ्यातून ही दोन वजा केली तर उरते काय?

जेएनपीटी बंदराच्या विस्तारामुळे मासेमारी बुडालेले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादात गेले. २०१५ साली लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे कुटुंबामागे सहा लाखांहूनही कमी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाडीची ही किंमत!

महाड याच जिल्ह्यात आहे. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तरी ते पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पाणी आणि जमीन हे प्रश्न त्यांनी एकमेकांपासून तोडले नाहीत. मग पाणथळ म्हणजे दुर्बिणी घेऊन पक्षी पाहणाऱ्यांचा विषय, असे म्हणून आपण तो का सोडून द्यावा? फ्लेमिंगो येतात ते चांगलेच. पण त्याच चिखलात गुडघाभर उतरणारी बाई कोणत्याच अहवालात दिसत नाही. पाणथळ जागांच्या पाहणीला अधिकारी येतील तेव्हा कार्यकर्त्यांनी तिथे हजर राहावे आणि त्या जागेवर पोट भरणाऱ्या प्रत्येक भूमिहीन कुटुंबाची नोंद पंचनाम्यात घ्यायला लावावी.