आटोपशीर व्हेंटिलेटर : खरा कस चाचणीचाच

जबलपूर : तोफगाडे घडविणारी गन कॅरेज फॅक्टरी 1904 पासून, अभिकल्प व उत्पादनाचे शिक्षण देणारी ट्रिपल आयटीडीएम संस्था 2005 पासून आणि जोडीला नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय. आणीबाणीत उपयोगी पडेल असा लहान व्हेंटिलेटर तयार करण्यास लागणारे कारागीर, अभियंते व डॉक्टर जबलपुरात एकत्र आहेत. मात्र यंत्र बनविणे आणि ते रुग्णासाठी विश्वासार्ह ठरविणे यांतील अंतर कोरोनाकाळाने दाखवून दिले.

मे 2020 मध्ये पीएम केअर्स निधीतून 50 हजार देशी व्हेंटिलेटरसाठी 2 हजार कोटी रुपये जाहीर झाले. सौर पटल स्वच्छ करणारे यंत्रमानव बनविणाऱ्या पुण्याच्या नोक्का रोबोटिक्सने आयआयटी कानपूरच्या साहाय्याने व्हेंटिलेटर साकारला. दुसरीकडे, तत्कालीन औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास केंद्राकडून मिळालेल्या 150 व्हेंटिलेटरपैकी वापरात आणलेले 113 सदोष असल्याची बाब मे 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे आली.

या विरोधाभासाचे मूळ यंत्राच्या कार्यपद्धतीत आहे. हाताने दाबावयाची श्वसनपिशवी मोटरने दाबणे, ही सर्वांत सोपी रचना. परंतु आजारी फुप्फुस ताठर होते. तेवढीच हवा आत ढकलली तरी दाब वाढतो आणि नाजूक ऊतींना इजा पोहोचते. म्हणूनच तीव्र श्वसनविकारात आदर्श वजनाच्या दर किलोमागे सुमारे 6 मिलिलिटर, म्हणजे 60 किलोसाठी 360 मिलिलिटर हवा देतात. उच्छ्वासानंतरही फुप्फुसात थोडा दाब राखावा लागतो. रुग्णाने स्वतः श्वास घेण्याचा प्रयत्न केल्यास यंत्राने तो ओळखला पाहिजे.

त्यामुळे कृत्रिम फुप्फुसावर एकदा चालले, एवढ्याने यंत्र सिद्ध होत नाही. फुप्फुसाचा ताठरपणा बदलून, नळी निसटवून, वीज व प्राणवायूचा पुरवठा तोडून ते तपासावे लागते. धोक्याची घंटा वेळेवर वाजते का, बॅटरी किती टिकते आणि अनेक दिवस अखंड चालल्यावर मापे अचूक राहतात का, हेही पाहावे लागते.

1 ऑक्टोबर 2023 पासून व्हेंटिलेटरसारख्या अधिक जोखमीच्या उपकरणांना परवाना अनिवार्य झाला, हे योग्यच. तथापि परवाना हा प्रारंभ होय. सुटे भाग, तंत्रज्ञ व परिचारिकांचे प्रशिक्षण नसेल तर उत्तम यंत्रही कोपऱ्यात पडून राहते. जबलपूरसारख्या शहरांनी आराखड्यांच्या स्पर्धेत उतरण्याआधी चाचणी व दुरुस्तीची सामायिक केंद्रे उभारावीत. पुढील साथीत रुग्णालयांना यंत्रांच्या संख्येइतकीच त्यांच्या विश्वासार्हतेची गरज भासेल.